काशीयात्रेपासून पर्यटन-व्यवसायापर्यंत

प्रवास ही गोष्ट आपल्या देशात नवी नाही. नवी आहे ती प्रवासाचा उद्योग ही कल्पना. 'पर्यटन' हा शब्द आज सरकारी खात्याच्या पाटीवर, अंदाजपत्रकात आणि आगगाडीच्या वेळापत्रकात दिसतो. पूर्वी हा शब्द संन्याशाच्या भ्रमंतीला लावीत असत. गृहस्थाच्या वाट्याला येई ती यात्रा. पर्यटनाला हेतू लागत नाही. यात्रेला हेतू लागतो, संकल्प लागतो, आणि परतल्यावर चार माणसांना जेवू घालून तो संकल्प पुरा करावा लागतो. महाराष्ट्रातल्या कुटुंबांत काशीहून आलेल्या माणसाने मावंदे घालावयाचे, गंगेचा मोहोरबंद गडू देवघरात ठेवावयाचा, आणि घरातल्या कुणाच्या अखेरच्या क्षणी तो फोडावयाचा, अशी रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. गंगाजल ठेवण्याच्या पात्राला 'गंगाजळी' म्हणत. पुढे त्याच शब्दाने अडीअडचणीसाठी राखून ठेवलेल्या निधीचा अर्थ घेतला. काशीहून आणलेली वस्तू मराठी माणसाच्या मनात कोणत्या मोलाची होती, हे सांगण्यास एवढा एक शब्द पुरेसा आहे.

एखाद्या देशात पर्यटनाचा व्यवसाय कसा वाढतो, याचा अभ्यास सामान्यतः हॉटेले, विमाने आणि परकीय चलन यांच्या आकड्यांनी सुरू होतो. पण वाराणसीसारख्या नगराच्या बाबतीत तो तेथून सुरू करणे म्हणजे वृक्षाचा इतिहास शेंड्यापासून सांगण्यासारखे आहे. सरकारने पाहुणे मोजावयास आरंभ केला त्याच्या कितीतरी आधी येथे पाहुणचाराची एक भक्कम व्यवस्था उभी होती. तिचे नियम होते, तिचे भांडवल होते, तिचे दलालही होते. आणि तिच्या उभारणीत मराठी माणसाचा वाटा फार मोठा होता.

त्या व्यवस्थेचा नियमग्रंथ सोळाव्या शतकात काशीतच तयार झाला. पैठणहून काशीस येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ रचला. प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांची यात्रा कोणी, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावी, कोठे काय दान द्यावे, याचे विवेचन त्यात आहे. राजा तोडरमलाच्या साहाय्याने १५८५ च्या सुमारास विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले गेले, त्यामागे याच नारायणभट्टांची प्रेरणा होती. त्यांच्याच कुळातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. पैठणच्याच एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीत पूर्ण केले. अशा रीतीने दक्षिणेतला यात्रेकरू काशीस येई तेव्हा तो अगदी परक्या गावी येत नसे. त्याची भाषा बोलणारा, त्याच्या घराण्याची शाखा व सूत्र जाणणारा कोणीतरी तेथे अगोदरच बसलेला असे. परमुलखात आपल्या बोलीतला माणूस भेटणे ही प्रवाशाची पहिली गरज होय. आणि ही गरज काशीने फार लौकर ओळखली होती.

१६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले. त्यानंतरच्या शतकात काशीचे जे रूप पुन्हा घडले, ते पुष्कळ अंशी दक्षिणेच्या पैशावर घडले. काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केलेले इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३७ साली बनारसचा इतिहास प्रसिद्ध केला. अर्वाचीन काशी ही बव्हंशी मराठ्यांची निर्मिती आहे, असा निष्कर्ष त्यांनी त्यात काढला. तो वाचताना महाराष्ट्राभिमानाची शंका कोणास आली, तर त्याने घाटांची नुसती नावे वाचावी. १७३४ च्या सुमारास कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर काशीस येऊन राहिले आणि ब्रह्माघाट व त्या परिसरातील बांधकामांना चालना मिळाली. पहिल्या बाजीरावाचे मुनीम सदाशिव नाईक जोशी यांनी मणिकर्णिकेकडील बांधकामाची देखरेख केली. दशाश्वमेध घाटाला पेशव्यांचा आणि नंतर अहिल्याबाई होळकरांचा हात लागला. नागपूरकरांचा भोसले घाट, अहिल्याघाट, शिंदे घाट ही नावे तर आजही नावाड्यांच्या तोंडी आहेत. सध्याचे विश्वनाथमंदिर अहिल्याबाईंनी १७७७ ते १७८० च्या दरम्यान बांधविले. पंजाबच्या रणजितसिंहांनी दिलेल्या सोन्याने त्याची शिखरे मढली ती पुढे अर्धशतकाने.

यात लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी, की काशीवर मराठ्यांचे राज्य कधीच नव्हते. काशी-प्रयाग आपल्या अंमलाखाली यावीत म्हणून पेशव्यांनी अयोध्येच्या नबाबांकडे पुन्हापुन्हा मागणी केली. ती सफल झाली नाही. तेव्हा ज्या भूमीवर आपली सत्ता नाही, जिचा वसूल आपल्या खजिन्यात यावयाचा नाही, तेथे त्यांनी दगडी पायऱ्या बांधल्या, अन्नछत्रे घातली आणि ब्राह्मणांना वर्षासने बांधून दिली. १७३५ साली बाजीरावाची आई राधाबाई उत्तरेच्या यात्रेस निघाली. तिचा मुलगा त्या वेळी मोगल बादशाहीशी झुंजत होता. तरीसुद्धा जयपूरच्या सवाई जयसिंगापासून बुंदेलखंडात मराठ्यांशी लढलेल्या महंमदखान बंगशापर्यंत साऱ्यांनी त्या वृद्ध यात्रेकरणीचा सन्मान केला आणि ती सुखरूप परत आली. यात्रेकरूला शत्रूच्या मुलखातूनही वाट मिळते, हा अलिखित करार त्या काळच्या पर्यटनाचा पाया होता असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या व्यवस्थेचे अर्थकारणही समजून घेण्यासारखे आहे. यात्रेकरू रोख रक्कम अंगावर घेऊन निघत नसे. तो पुण्यास किंवा नाशकास सावकाराकडे पैसे भरून काशीवरची हुंडी घेई. मुक्कामाला त्याचा तीर्थोपाध्याय असे. त्याच्या वहीत आजा-पणजाच्या यात्रेची नोंद आणि सही दाखविली, म्हणजे परस्परांची ओळख पटे. निवासाला उपाध्यायाचा वाडा, जेवणाला छत्र, स्नानाला घाट, नौकेला ठरलेला मल्लाह, आणि परतताना गंगाजलाचे गडू, काळभैरवाचे काळे गंडे, बनारसी शालू. आजच्या भाषेत ज्याला आरक्षण, निवास, मार्गदर्शन आणि स्मरणवस्तूंचा बाजार म्हणतात, ते सारे येथे होते. दोषही सारे होते. गंगापुत्र आणि घाटिये दक्षिणेसाठी यात्रेकरूला कसे भंडावून सोडीत, नाक्यानाक्यावर यात्राकर कसा वसूल होई, याच्या तक्रारी जुन्या कागदपत्रांत भरपूर आहेत.

१७७५ साली बनारस इंग्रज कंपनीकडे गेले, आणि १७८१ साली चेतसिंहाच्या बंडानंतर तेथील कारभार तिच्या अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष हाती घेतला. वॉरन हेस्टिंग्जने नेमलेला न्यायाधीश अली इब्राहिमखान याच्या कारकीर्दीत यात्रेकरूंच्या बंदोबस्ताकडे लक्ष दिले गेले. यात धर्मप्रेमापेक्षा राजकारण अधिक होते: पुणे, नागपूर आणि ग्वाल्हेर येथील दरबारांचे आप्तस्वकीय दरसाल काशीस येत, आणि त्यांना सुखाने स्नान करू देणे हा मराठी दरबारांशी सलोखा राखण्याचा स्वस्त मार्ग होता. पुढे इंग्लंडात हेस्टिंग्जवर खटला चालला, तेव्हा काशीच्या पंडितांनी, त्यांत महाराष्ट्रीयही होते, त्याच्या बाजूने संस्कृतात प्रशस्तिपत्रे लिहून दिली. यात्रेकरूंचा त्रास कमी झाला हे त्यांतील एक कारण होते. राज्यकर्ता कोण यापेक्षा वाट निर्वेध आहे की नाही, हा प्रश्न त्या मंडळींना अधिक जवळचा वाटला. प्रयागचा यात्राकर मात्र कंपनी सरकारने १८४० पर्यंत सोडला नाही.

पेशवाई बुडाल्यावर काशी ही एका अर्थी मराठी दरबारांची विश्रांतिभूमी झाली. सात लाखांचे वेतन घेऊन उत्तरेकडे गेलेल्या अमृतराव पेशव्यांनी येथे घाट व गणेशमंदिर बांधून अन्नछत्र चालविले. दुसऱ्या बाजीरावाचा भाऊ चिमाजीअप्पा येथेच राहिला. त्याच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. बायजाबाई शिंद्यांनी १८२८ साली ज्ञानवापीच्या विहिरीवर स्तंभमंडप उभारला आणि १८३० मध्ये शिंदे घाटाचे काम केले. तो घाट स्वतःच्या भारानेच खचला. त्याच्या पायथ्याशी कललेले रत्नेश्वराचे देऊळ आज छायाचित्रकारांचे आवडते ठिकाण आहे.

पायी यात्रेचे शेवटचे मोठे चित्र विष्णुभट गोडसे यांनी रेखाटले आहे. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा पाडाव त्याने डोळ्यांनी पाहिला, मिळविलेले द्रव्य लुटले गेले. अखेरीस त्याच्या पदरी राहिली ती काशीच्या गंगेची कावड. ती खांद्यावर वाहून त्याने घर गाठले आणि आईवडिलांना गंगास्नान घातले. त्याची हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली. मराठीतल्या या श्रेष्ठ प्रवासवृत्ताचा नायक हौसेने निघालेला नाही, ही गोष्ट विसरता येत नाही.

गोडसे भटजी घरी पोहोचल्यावर थोड्याच वर्षांत कावडीचे युग संपले. १८६२ साली ईस्ट इंडियन रेल्वे काशीसमोरच्या तीरावर, मोगलसराईस येऊन थांबली. मार्च १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. ज्या प्रवासाला तीन-तीन महिने लागत, तो काही दिवसांचा झाला. १८८७ साली राजघाटाजवळ गंगेवर डफरीन पूल झाला आणि गाडी नगरातच येऊ लागली. स्वातंत्र्यानंतर या पुलाला पंडित मालवीयांचे नाव मिळाले. यात्रेचे स्वरूप या एका गोष्टीने जितके पालटले, तितके कोणत्याही राज्यक्रांतीने पालटले नव्हते. पूर्वी मृत्युपत्र करून निघणारा यात्रेकरू आता परतीचे भाडे हिशेबात धरून निघू लागला. विधवा व वृद्धांची यात्रा सुकर झाली. संघ मोडले, पण संख्या वाढली. रेल्वे कंपन्यांचे प्रवासी उत्पन्न मुख्यतः तिसऱ्या वर्गावर चाले, आणि त्या वर्गात यात्रेकरूंची गर्दी मोठी असे. या गर्दीची दुसरी बाजू आरोग्याची होती. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषदेत हिंदी यात्रांचा पटकीच्या साथीशी संबंध जोडला गेला, आणि पुढच्याच वर्षी हरद्वारच्या कुंभानंतर साथ दूरवर पसरली. तेव्हापासून सरकारच्या दप्तरात यात्रेकरू हा पाहुणा म्हणून न राहता बंदोबस्ताचा विषय म्हणून नोंदला जाऊ लागला. ही नोंद पुढे शंभर वर्षे पुसली गेली नाही.

याच लोहमार्गाने काशीत एक वेगळा प्रवासी आला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला होता. १८७२-७३ च्या आपल्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेत टॉमस कुक हा इंग्रज व्यवसायिक आपल्या मंडळींना घेऊन काशीस आला. १८८१ साली त्याच्या कंपनीची कचेरी मुंबईत उघडली. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला, १८९६ मध्ये अमेरिकन लेखक मार्क ट्वेन आला. शेरिंग या पाद्र्याचा १८६८ चा ग्रंथ आणि हॅवेल या कलाशिक्षकाचा १९०५ चा ग्रंथ हाती घेऊन युरोपीय प्रवासी भल्या पहाटे नावेत बसू लागला. येथे दोन प्रवाशांतला भेद स्पष्ट होतो. यात्रेकरू घाटावरून नदीकडे पाहतो. हा नवा प्रवासी नदीतून घाटाकडे पाहू लागला. यात्रेकरू पाण्यात उतरतो. हा पाण्यात उतरलेल्यांना पाहतो. त्याचा मुक्काम छावणीतल्या हॉटेलात असे, उपाध्यायाच्या जागी त्याला दुभाष्या वाटाड्या मिळे, आणि गडूऐवजी तो पितळेची भांडी व किनखाब घेऊन जाई. मल्लाहाची नाव मात्र दोघांनाही तीच. एकाच नगरात दोन बाजार शेजारीशेजारी चालू लागले, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध जवळजवळ नव्हता.

काशीच्या या दोन बाजारांत तिसरा येऊन मिळाला तो सारनाथचा. कनिंगहॅमने १८३५-३६ मध्ये तेथे उत्खनन केले होते. १९०४-०५ मध्ये अर्टेलला सिंहशीर्ष सापडले, आणि १९१० साली तेथे संग्रहालय झाले. सिंहलद्वीपाच्या अनागारिक धर्मपालांच्या प्रयत्नाने १९३१ मध्ये मूलगंधकुटी विहार उभा राहिला आणि जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु याने त्याच्या भिंती रंगविल्या. विस्मृतीत गेलेले एक तीर्थ पुराणवस्तुशास्त्राने उकरून काढले आणि पूर्वेकडील राष्ट्रांचा यात्रेकरू पुन्हा काशीकडे वळला. १९५० साली तेच सिंहशीर्ष प्रजासत्ताकाचे राजचिन्ह झाले.

स्वतंत्र भारताच्या पर्यटनधोरणाचे बीज परसत्तेच्या अखेरच्या काळात पडले. १९४५ साली सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि देशात प्रवासी-वाहतुकीसाठी स्वतंत्र यंत्रणा असावी अशी शिफारस तिने केली. १९४९ मध्ये परिवहन मंत्रालयात त्यासाठी शाखा उघडली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला पहिली परदेशी कचेरी झाली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत पर्यटनासाठी तरतूद नव्हती. दुसऱ्या योजनेत ती प्रथमच आली. १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईने या विषयाला निकड आली, आणि १ मार्च १९५८ रोजी स्वतंत्र पर्यटन विभाग अस्तित्वात आला. देशात येणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या १९५१ साली १६,८२९ होती. १९६० साली ती १,२३,०९५ झाली. १९६२ मध्ये ती किंचित घसरताच कारणे शोधण्यासाठी ल. का. झा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये समिती बसली, आणि तिच्या शिफारशींतून पुढे १ ऑक्टोबर १९६६ रोजी भारतीय पर्यटन विकास महामंडळ निर्माण झाले.

वाराणसीच्या दृष्टीने या दशकातले महत्त्वाचे वर्ष १९५६ हे होय. बुद्धाच्या परिनिर्वाणाला २५०० वर्षे झाल्याचा महोत्सव त्या वर्षी झाला आणि त्यानिमित्त सारनाथसह बौद्ध स्थळांवर रस्ते व विश्रामगृहे यांची सोय झाली. त्याच वर्षी २४ मे रोजी बनारसचे अधिकृत नाव वाराणसी झाले. आणि त्याच वर्षी संसदेने आणखी एक कायदा केला, ज्याकडे पर्यटनाचे इतिहासकार सहसा पाहात नाहीत: यात्रा व मेळे भरणाऱ्या ठिकाणी रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांवर सीमाकर बसविण्याचा कायदा. हा योगायोग बोलका आहे. परदेशातून येणाऱ्यासाठी न्यूयॉर्कला कचेरी, आणि साताऱ्याहून येणाऱ्यासाठी तिकिटावर जादा आकार! यात कुणाची दुष्ट बुद्धी होती असे नाही. नव्या राष्ट्राला यंत्रसामग्रीसाठी डॉलर हवे होते, आणि डॉलर परदेशी प्रवाशाच्या खिशात होते. पण त्यामुळे एक गंभीर दृष्टिदोष उत्पन्न झाला. १९५१ साली साऱ्या देशात मिळून जेवढे परदेशी प्रवासी आले, त्याच्या कितीतरी पट माणसे एका ग्रहणाच्या पर्वकाळी काशीच्या घाटांवर उतरत होती. त्यांची मोजदाद पर्यटनाच्या खात्यात होत नव्हती. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी योजना होत नाही, हा प्रशासनाचा सर्वश्रुत नियम आहे. पहिली काही दशके वाराणसीत छावणीतील हॉटेले आणि विमानतळाचा रस्ता सुधारला. घाटावरच्या गल्लीतले गटार होते तसेच राहिले.

परदेशी प्रवाशाचे स्वरूपही मग पालटले. दिल्ली, आग्रा, खजुराहो, वाराणसी आणि काठमांडू यांना जोडणारा विमानमार्ग श्रीमंत प्रवाशांचा ठरीव मार्ग झाला. दुसऱ्या टोकाला, अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२ च्या अखेरीस काशीस येऊन दशाश्वमेधाजवळ काही महिने राहिला, आणि त्याच्यामागून काठमांडूच्या वाटेवरचे तरुण तरुणींचे तांडे आले. हे लोक छावणीत उतरले नाहीत. ते घाटांवर, गल्ल्यांत, यात्रेकरूंच्या शेजारी राहिले. काहींनी सतार-तबल्याचे शिक्षण घेतले, संस्कृत शिकले. घाटावरच्या जुन्या वाड्यांत पाहुण्यांच्या खोल्या निघू लागल्या त्या या मंडळींमुळे. शतकभर वेगळे राहिलेले दोन बाजार येथे प्रथम एकमेकांत मिसळले.

महाराष्ट्रातही याच सुमारास यात्रेचा व्यवसाय नव्या रूपात उभा राहत होता. आचारी, शिधा आणि बिछाने बरोबर घेऊन बसगाड्यांतून काशी-गया-प्रयाग घडविणाऱ्या यात्रा कंपन्या निघाल्या. १९८४ साली मुंबईत केसरी पाटील यांनी सुरू केलेल्या संस्थेसारख्या मराठी प्रवाससंस्थांनी मराठी बोलणारा व्यवस्थापक आणि घरचे जेवण ही आपली ओळख केली. नीट पाहिले तर हे उपाध्याय आणि छत्र यांचेच नवे अवतार होत. परमुलखात आपल्या बोलीतला माणूस भेटावा, ही चारशे वर्षांपूर्वीची गरज मुंबईतल्या कारकुनालाही तितकीच होती. मात्र या बदलात काशीतल्या मराठी वस्तीचे महत्त्व ओसरले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांतल्या ज्या वाड्यांत वर्षानुवर्षे यात्रेकरू उतरत, तेथे आता हॉटेलाची गाडी थांबत नाही. ज्या समाजाने हिंदी वृत्तपत्रसृष्टीला बाबूराव विष्णु पराडकरांसारखा संपादक दिला, त्याची नवी पिढी उपजीविकेसाठी अन्यत्र गेली. वह्या राहिल्या, त्यांत सही करणारे विरळ झाले.

१९८० नंतर शासनाने या नगराकडे निराळ्या दृष्टीने पाहण्यास आरंभ केला. १९८२ साली देशाचे पहिले पर्यटनधोरण जाहीर झाले. १९८३ मध्ये विश्वनाथमंदिराचे व्यवस्थापन उत्तर प्रदेश सरकारने कायद्याने आपल्याकडे घेतले. १४ जून १९८६ रोजी गंगा कृती योजनेचा प्रारंभ वाराणसीच्या घाटावरच झाला. ज्या पाण्यासाठी सारे लोक येतात, तेच पाणी त्यांच्या येण्याने आणि नगराच्या सांडपाण्याने बिघडत आहे, याची ती पहिली राष्ट्रीय कबुली होती. योजनेने शुद्धीकरणकेंद्रे उभी केली. लोकसंख्येच्या आणि सांडपाण्याच्या वाढीपुढे ती अपुरी पडली. १९९० च्या दशकात दशाश्वमेध घाटावर सायंकाळच्या गंगा-आरतीला आजचे भव्य रूप आले. एकसारख्या वेषातले तरुण अर्चक, दीपमाळा, ध्वनिवर्धक, आणि समोर नावांत बसलेला प्रेक्षक. यात्रेकरू आणि पर्यटक हे दोघे एकाच दिशेने, एकच गोष्ट पाहू लागले ते बहुधा येथे.

पुढचा टप्पा सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे. २०१४-१५ मध्ये केंद्र सरकारने तीर्थस्थळांच्या विकासाची 'प्रसाद' योजना आखली आणि तिच्या पहिल्या यादीत वाराणसी होती. साठ वर्षांच्या धोरणानंतर देशी यात्रेकरू प्रथमच योजनेच्या केंद्रस्थानी आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्ली-वाराणसी वेगवान गाडी सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये पायाभरणी होऊन १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथधामाचे उद्घाटन झाले. सुमारे ३,००० चौरस फुटांचा मंदिरपरिसर सुमारे ५ लाख चौरस फुटांचा झाला आणि मंदिरातून गंगा पुन्हा सरळ दिसू लागली. त्यासाठी तीनशेवर मिळकती घेण्यात आल्या आणि सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे चौदाशे दुकानदार, भाडेकरू व घरमालक यांचे पुनर्वसन झाले. नव्या प्रांगणात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. देशात येणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या २०१९ साली १ कोटी ९ लाखांवर गेली होती. पण वाराणसीचा नवा व्यवसाय त्यांच्यावर अवलंबून नाही. देशी यात्रेकरूंची वार्षिक मोजणी आता कोटींत होते.

या फेरबदलाचे मूल्यमापन करताना दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, अरुंद गल्ल्यांत चेंगरणाऱ्या वृद्ध यात्रेकरूला मोकळी वाट मिळाली, स्वच्छता आली, रोजगार आला. ते खरे आहे. अंगात त्राण नसलेल्या माणसाला विश्वेश्वराचे दर्शन सुखाने घडावे, ही इच्छा अहिल्याबाईंचीही असली पाहिजे. दुसरे म्हणते, घरे आणि गल्ल्या गेल्या, त्यांच्याबरोबर पिढ्यान् पिढ्यांचा शेजार गेला. तेही खरे आहे. काशीची गल्ली ही केवळ वाट नव्हती. देवळे घरांत आणि घरे देवळांत अशी ती वसाहत होती, आणि त्या घरांतली माणसेच यात्रेकरूचे यजमान होती.

इतिहासाने या वादाला एक तिसरी कसोटी दिली आहे, आणि ती यजमानाची आहे. अठराव्या शतकातील व्यवस्था टिकली याचे कारण तिच्यात पाहुणा आणि यजमान यांचा संबंध एका भेटीपुरता नव्हता. उपाध्यायाला ठाऊक होते, की याचा नातू येईल. यात्रेकरूला ठाऊक होते, की आपल्या आज्याची सही येथे आहे. लोभाला लगाम होता तो या लांबलचक ओळखीचा, आणि जेथे ती ओळख नव्हती तेथे पिळवणूक होतीच. रेल्वेने प्रवासी वाढविले, पण ओळख सैल केली. परकीय चलनाच्या धोरणाने पाहुण्यांची प्रतवारी लावली. आताच्या धोरणाने ती प्रतवारी बरीच दूर केली; परंतु येणाऱ्यांची संख्या मोजताना, राहणाऱ्यांचे काय झाले हे मोजण्याची सवय अजून लागावयाची आहे. मदनपुऱ्यातल्या विणकराचा माग चालू आहे काय, मल्लाहाच्या मुलाला यांत्रिक नौकांच्या गर्दीत नावेचे भाडे मिळते काय, घाटाजवळच्या घरात घरमालकच राहतो की ते केवळ पाहुण्यांच्या खोल्यांचे झाले, नदीचे पाणी कालच्यापेक्षा स्वच्छ आहे काय, हे प्रश्न पर्यटनखात्याच्या वार्षिक अहवालात सामान्यतः नसतात. ते तेथे असावयास हवेत. कारण यजमान उठून गेल्यावर उरते ते प्रेक्षणीय स्थळ. क्षेत्र उरत नाही.

पुण्याच्या, नागपूरच्या, इंदूरच्या आणि ग्वाल्हेरच्या ज्या माणसांनी परक्या अंमलाखालच्या तीरावर पायऱ्या बांधल्या, त्यांनी त्यावर कधी उत्पन्नाचा हिशेब मांडला नाही. मांडला असता तर तो तोट्याचाच निघाला असता. पण त्या पायऱ्या अडीचशे-पावणेतीनशे वर्षे कोट्यवधी अनोळखी पावलांच्या उपयोगी पडत आहेत. मध्यंतरी त्या तीरावर नबाब आले, कंपनी आली, रेल्वे आली, महामंडळे आली. पुराने त्या पायऱ्या दर वर्षी बुडतात, गाळाने भरतात, आणि पाणी ओसरले की घाटावरची माणसे पंप लावून, फावड्यांनी गाळ ओढून त्या पुन्हा मोकळ्या करतात. देशाच्या पर्यटन-व्यवसायाची सारी उभारणी अखेरीस अशाच कुणाच्या तरी श्रमावर उभी असते. तो व्यवसाय किती वाढला याचा हिशेब करताना त्या श्रमाचा वाटा त्या माणसांपर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणे धोरण आखणाऱ्यांचे कर्तव्य आहे. काशीच्या चार शतकांच्या अनुभवातून निघणारा बोध हाच आहे.